कारखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर : सॉफ्टवेअर निवडताना काय पाहावे?

भाव ठरविणे, मालाचा फोटो पाठविणे ही कामे आता व्हॉट्सअॅपवर होतात हे खरे. पण सौदा पक्का झाला की खरेदीचा आदेश, बिल, बँकेचे पत्र आणि निविदेचे कागद ई-मेलनेच येतात. जीएसटीची नोंदणी करतानाही मोबाईलबरोबर ई-मेल पत्ता द्यावाच लागतो. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी कापूस-सोयाबीनचा अडत्या असो, जिनिंगवाला असो, सुटे भाग विकणारा असो की कंत्राटावर वेल्डिंग-फर्निचरची कामे घेणारा कारागीर असो, ई-मेलवाचून त्याचे आता चालत नाही.

पण बहुतेक ठिकाणी पत्रव्यवहाराची पद्धत काय आहे? मालकाचा एक मोफत पत्ता, मुनीमजींचा दुसरा, गोदामावरच्या मुलाचा तिसरा. मुनीमजी नोकरी सोडून गेले की तीन वर्षांचा पत्रव्यवहार त्यांच्याबरोबर जातो. कोणत्या गिरणीने कोणत्या तारखेला कोणता दर मान्य केला होता, हे दाखवायला कागद राहत नाही. म्हणून धंदा थोडा वाढला की पेढीच्या नावाचा स्वतःचा पत्ता असावा आणि सगळी पत्रे एका जागी जमा व्हावीत, असे वाटू लागते. मग कोणीतरी सल्ला देतो, "एक संगणक घ्या आणि आपलाच मेल सर्व्हर बसवा. सॉफ्टवेअर फुकट मिळते."

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळते, राखण फुकट मिळत नाही. म्हणून सॉफ्टवेअरचे नाव ठरविण्याआधी त्याची राखण रोज कोण करणार, हे ठरविले पाहिजे.

एका पत्राने काय होऊ शकते?

जुलै २०१६ मधील गोष्ट आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या युनियन बँक ऑफ इंडियाच्या एका कर्मचाऱ्याने रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखे दिसणारे एक ई-मेल उघडले. त्याला जोडलेल्या फाइलमधून घातक प्रोग्राम आत शिरला. परदेशी रकमा पाठविण्याच्या यंत्रणेची गुपिते चोरांच्या हाती लागली आणि सुमारे १७ कोटी १० लाख डॉलर परदेशातील खात्यांकडे वळविले गेले. सुदैवाने बँकेच्या माणसांनी हिशेब जुळविताना गडबड लवकर ओळखली, धावपळ केली आणि रक्कम परत मिळविली.

या घटनेतून दोन गोष्टी शिकता येतात. एवढ्या मोठ्या बँकेची यंत्रणाही एका पत्राने भेदली जाते, ही पहिली. आणि शेवटी बँकेला वाचविले ते रोजचा हिशेब रोज जुळविण्याच्या सवयीने, ही दुसरी. मेल सर्व्हरचेही तसेच आहे. गाळणी हवीच, पण गाळणीकडे रोज पाहणारा माणूसही हवा.

मेल सर्व्हर म्हणजे काय?

मेल सर्व्हर म्हणजे आपल्या पेढीचे खाजगी टपाल कार्यालय. त्यात चार कामे चालतात आणि प्रत्येक कामाला वेगळे सॉफ्टवेअर असते.

पहिले काम पत्रे घेण्याचे व पाठविण्याचे. त्यासाठी पोस्टफिक्स हे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. वित्से वेनेमा यांनी ते आयबीएममध्ये असताना लिहिले आणि १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. दुसरे काम आलेली पत्रे ज्याच्या त्याच्या पेटीत ठेवण्याचे आणि मागेल तेव्हा देण्याचे. हे डोव्हकॉट करते. तिसरे काम नको असलेली जाहिरातबाजीची व फसवणुकीची पत्रे, म्हणजे स्पॅम, निवडण्याचे. त्यासाठी स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडी वापरतात. चौथे काम जोडलेल्या फाइलींमध्ये व्हायरस आहे का, हे तपासण्याचे. त्यासाठी क्लॅमएव्ही असते. ही सर्व सॉफ्टवेअरे विनामूल्य आहेत व त्यांचा मूळ आराखडाही खुला आहे.

गाळणी काम कसे करते?

स्पॅमची गाळणी एका कारणावरून पत्राला दोषी ठरवीत नाही. ती गुण देते. पाठविणाऱ्याचा सर्व्हर बदनाम यादीत आहे, इतके गुण. पत्रातील दुवा दाखवितो एक आणि नेतो दुसरीकडेच, आणखी इतके गुण. बेरीज ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की पत्रावर शिक्का बसतो. स्पॅमअसॅसिनमध्ये ही मर्यादा मुळात ५ गुणांची असते. आरस्पॅमडीच्या मूळ मांडणीत ६ गुणांना शिक्का बसतो व १५ गुणांना पत्र दारातूनच परत जाते. हे आकडे आपल्याला बदलता येतात.

दुसरी युक्ती थांबवून ठेवण्याची. अनोळखी सर्व्हरने पत्र आणले की आपला सर्व्हर म्हणतो, "थोड्या वेळाने या." खरा सर्व्हर पुन्हा येतो. लाखो पत्रे उधळणारा चोर बहुधा परत येत नाही. मात्र यामुळे नव्या गिऱ्हाईकाचे पहिले पत्र थोडे उशिरा मिळते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी युक्ती शिकविण्याची. चांगली पत्रे एकीकडे व वाईट दुसरीकडे दाखविली की गाळणी त्यांतील शब्दांवरून ओळखायला शिकते. स्पॅमअसॅसिनला दोन्ही प्रकारची किमान २०० पत्रे दाखविल्याशिवाय ही शिकवणी कामाला लागत नाही. आपल्यासाठी ही बाब फार महत्त्वाची आहे. आपली पत्रे मराठीत, हिंदीत, उर्दूत आणि मोडक्या इंग्रजीत असतात. म्हणून बसविणाऱ्या माणसाला आपलीच जुनी पत्रे द्यावीत व गाळणीला त्यांवर शिकवायला सांगावे. इंग्रजीखेरीज इतर लिपीतील पत्र संशयास्पद धरण्याची सोयही काही गाळण्यांत असते. ती आपल्याकडे चालू केलेली नाही ना, हे अवश्य पाहावे.

व्हायरस तपासणीचे तत्त्व सोपे आहे. ज्ञात व्हायरसांच्या खुणांची यादी असते व प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहिली जाते. यादी रोज नवी होत राहिली तरच तपासणीला अर्थ आहे. सॉफ्टवेअरच फार जुने झाले तर क्लॅमएव्हीची नवी यादी मिळणेही बंद होते. शिवाय पासवर्ड लावून बंद केलेल्या फाइलीच्या आत तपासणीला पाहता येत नाही. अशी फाइल सरळ मुनीमजींच्या पुढ्यात जाऊ देऊ नये, बाजूला काढून ठेवावी.

फाइलीच्या नावावरही लक्ष हवे. मे २००० मध्ये "आय लव्ह यू" नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. त्याची फाइल साध्या मजकुराची दिसत होती, पण नावाच्या शेवटी व्हीबीएस अशी खरी ओळख दडलेली होती. आजही "बिल" अशा नावाखाली चालणारा प्रोग्राम पाठविला जातो. म्हणून ईएक्सई, व्हीबीएस, जेएस अशा शेवटाच्या फाइली दारातच अडवाव्यात. कापूस-सोयाबीनच्या धंद्यात अशा फाइलीची कोणाला गरज पडत नाही.

सर्व्हरवर तपासणी झाली म्हणून टेबलावरील संगणक मोकळे सोडू नयेत. पेन ड्राइव्हमधून येणारा व्हायरस मेलच्या दारातून येतच नाही. या कामात आपल्या महाराष्ट्राचेही नाव आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे मूळ रहिवासी कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर प्रोग्राम लिहिला. त्यातूनच १९९० च्या दशकात क्विक हील उभे राहिले. दुरुस्तीच्या टेबलावरून एवढा उद्योग वाढला, ही गोष्ट आपल्या कारागीर तरुणांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सर्व्हरवर एका कंपनीची व टेबलावर दुसऱ्या कंपनीची तपासणी असली तर एकीची नजर चुकली तरी दुसरीच्या नजरेत व्हायरस येण्याची शक्यता राहते.

गाळणीच्या दोन चुका

गाळणी दोन प्रकारे चुकते. वाईट पत्र आत सोडते, किंवा चांगले पत्र अडविते. विक्रेता पहिल्या चुकीविषयीच बोलतो, "आमची गाळणी इतके स्पॅम पकडते" असे सांगतो. व्यापाऱ्याने दुसऱ्या चुकीविषयी विचारले पाहिजे.

समजा, कोईमतूरच्या गिरणीने शंभर गाठींची मागणी पाठविली व उत्तरासाठी दुपारपर्यंतची मुदत दिली. गाळणीने ते पत्र अडकविले. आपण उत्तर दिले नाही, गिरणीने दुसरीकडून माल घेतला. दहा जाहिराती आत आल्या असत्या तर फार तर पाच मिनिटे गेली असती. अडकलेल्या एका पत्राने मात्र सौदा गेला.

म्हणून सुरुवातीला गाळणी सैल ठेवावी. संशयित पत्र नष्ट करू नये, वेगळ्या पेटीत टाकावे. ती पेटी सकाळी दुकान उघडल्यावर व दुपारी, अशी दोनदा पाहण्याचे काम एका ठराविक माणसाकडे द्यावे. जुन्या गिऱ्हाईकांचे व बँकेचे पत्ते ओळखीच्या यादीत घालता येतात. मात्र पाठविणाऱ्याचे नाव खोटे लिहिता येते. म्हणून यादीतील पत्रालाही व्हायरस तपासणीतून सूट देऊ नये.

तीन मार्ग

पहिला मार्ग : सगळे बाहेर. पेढीच्या नावाचा पत्ता घ्यावा आणि सर्व्हर गूगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो अशा कंपनीचा भाड्याने वापरावा. गाळणी, वीज, दुरुस्ती सगळे तिच्याकडे. दर माणशी भाडे द्यावे लागते. केंद्र सरकारनेही आपल्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल खाती झोहोच्या यंत्रणेवर नेल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन-चार माणसांच्या दुकानाने याच मार्गाने जावे.

दुसरा मार्ग : दार बाहेर, कोठार आत. पत्रे आधी बाहेरच्या कंपनीच्या पेटीत येतात. आपला आतील सर्व्हर दर काही मिनिटांनी ती उचलून आणतो, आपल्या गाळणीतून काढतो आणि ज्याच्या त्याच्या पेटीत टाकतो. बाहेर जाणारी पत्रे त्या कंपनीमार्फतच जातात. गोदाम, काटा व कार्यालय यांच्यातील पत्रे मात्र आतल्या आत फिरतात, इंटरनेट बंद असले तरी पोहोचतात. वीज गेली तर बाहेरची पत्रे बाहेरच्या पेटीत थांबतात. या मार्गाची उणीव एकच. पत्र कंपनीने आधीच स्वीकारलेले असते, त्यामुळे ते दारातून परत पाठविणे किंवा थांबविणे जमत नाही. फक्त शिक्का मारता येतो.

तिसरा मार्ग : सगळे आपल्याकडे. यात पत्र सरळ आपल्या सर्व्हरवर येते. त्यासाठी इंटरनेटचा कायमचा पत्ता लागतो. घरगुती जोडणीत तो बहुधा मिळत नाही आणि पत्रे पाठविण्याचा २५ क्रमांकाचा मार्गही अनेकदा बंद असतो. शिवाय आपली ओळख सिद्ध करावी लागते. आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ, पत्रावरील न पुसणारा शिक्का म्हणजे डीकेआयएम आणि दोन्ही जुळले नाहीत तर काय करावे याची सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी सर्व पाठविणाऱ्यांना पहिल्या दोहोंपैकी किमान एक सक्तीचे केले आहे, मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना तिन्ही. हे नीट नसेल तर आपले बिल गिऱ्हाईकाच्या स्पॅम पेटीत जाऊन पडते.

वीज जाण्याची भीती मात्र जितकी वाटते तितकी नाही. आपला सर्व्हर बंद दिसला तर पाठविणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा येत राहतो. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस प्रयत्न करते. काही तासांनी पत्र हरवत नाही, फक्त उशिरा येते. पण ईदच्या सुट्टीत सर्व्हर बंद पडला आणि पाहणारा माणूसच गावाला गेला असेल, तर पाच दिवस जायला वेळ लागत नाही.

आमच्या मते दहा ते तीस माणसांच्या जिनिंग कारखान्याला, पतसंस्थेला किंवा शिक्षण संस्थेला दुसरा मार्ग सर्वांत सोयीचा. तिसरा मार्ग पगारी जाणकार माणूस असेल तरच घ्यावा.

कोणते सॉफ्टवेअर?

पोस्टफिक्स, डोव्हकॉट, आरस्पॅमडी आणि क्लॅमएव्ही वेगवेगळे बसविणे हा एक प्रकार. यात हवे तसे जुळविता येते, पण जुळविणारा माणूस निघून गेला तर नव्याला समजायला वेळ लागतो.

तयार जुळणी हा दुसरा प्रकार. आयरेडमेलमध्ये स्पॅमअसॅसिन व क्लॅमएव्ही आधीच जोडलेले असतात. मेलकाउमध्ये आरस्पॅमडी व क्लॅमएव्ही असतात. त्यांची माहितीपत्रके सर्वांना उपलब्ध असल्याने परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरचा दुसरा कोणी जाणकारही काम पुढे चालवू शकतो. लहान पेढीने हाच प्रकार घ्यावा. मात्र जुन्या मोडीत काढलेल्या संगणकावर हे चालत नाही. मेलकाउला किमान ६ जीबी मेमरी लागते. एकट्या क्लॅमएव्हीची यादीच १ जीबीहून अधिक जागा व्यापते. ८ जीबी मेमरी, दोन सारख्या डिस्क व चांगला यूपीएस, इतके तरी हवेच.

आधीच एखादा मेल सर्व्हर असेल व फक्त गाळणी कमी असेल, तर सगळे मोडण्याची गरज नाही. ऑस्ट्रियात तयार झालेले प्रॉक्समॉक्स मेल गेटवे जुन्या सर्व्हरच्या पुढे पहारेकऱ्यासारखे बसविता येते.

जुने सॉफ्टवेअर कोणी स्वस्तात देत असेल तर त्याचे आयुष्य विचारावे. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २०१६ व २०१९ या आवृत्त्यांची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. झिंब्राची विनामूल्य तयार मिळणारी ८.८.१५ ही आवृत्ती २०२३ अखेर संपली. देखभाल संपलेला सर्व्हर म्हणजे कुलपाची किल्ली बाजारात मिळू लागलेले गोदाम. त्यात माल ठेवू नये.

बसविणाऱ्याला हे प्रश्न विचारा

१. नव्या आवृत्त्या व व्हायरसची यादी कोण चढविणार आणि किती दिवसांनी?

२. अडकलेली पत्रे मुनीमजींना स्वतः पाहता व सोडविता येतील का, की दरवेळी तुम्हाला फोन करावा लागेल?

३. पत्रांची नक्कल दुसऱ्या जागी रोज जाते का? ती परत उतरवून दाखवाल का? न तपासलेली नक्कल म्हणजे नक्कल नव्हे.

४. मुख्य पासवर्ड मालकाकडे लेखी राहील का? दुसरा माणूस आणला तर त्याला सर्व काही सुपूर्द कराल का?

५. कोणी आत आले, कोणी गेले, याची नोंदवही सर्व्हर किती दिवस ठेवतो? भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत व घातपाताची खबर सहा तासांत द्यायची आहे.

६. तपासणी चालते हे दाखवा. त्यासाठी आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल असते. ती ई-मेलने पाठवावी. आत आली तर तपासणी बंद आहे असे समजावे.

नवा सर्व्हर बसल्यावर एक महिना जुना पत्ताही चालू ठेवावा आणि रोज दोन आकडे वहीत लिहावे : आत आलेली वाईट पत्रे किती, अडकलेली चांगली पत्रे किती. महिन्यानंतर वही स्वतःच सांगेल की गाळणी घट्ट करायची की सैल.

गाळणी जे पकडत नाही

शेवटी एक धोका सांगितलाच पाहिजे, कारण त्यावर कोणतेही सॉफ्टवेअर पुरे पडत नाही. चोर आपल्या पुरवठादाराची मेल पेटी उघडतो, चालू पत्रव्यवहार वाचतो आणि ऐन पैसे देण्याच्या वेळी त्याच पत्त्यावरून लिहितो, "आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात पाठवा." त्यात व्हायरस नसतो, खोटा दुवा नसतो, भाषाही नेहमीचीच असते. गाळणीला ते चांगलेच पत्र दिसते.

यावर उपाय जुन्या पेढ्यांचाच आहे. खाते बदलल्याचे पत्र आले की रक्कम थांबवावी आणि आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर फोन करून समोरच्या माणसाशी बोलावे. पत्रात दिलेल्या क्रमांकावर बोलू नये. हा नियम भिंतीवर लिहून लावावा व मालकाने स्वतःसुद्धा पाळावा. तरीही पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार करावी व बँकेला कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम पुढे सरकते.

गिऱ्हाईकाचे पत्र, त्याचा दर, त्याच्या खात्याचा क्रमांक ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती सांभाळण्यासाठी सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, पण रोज सकाळी ती पेटी उघडून पाहणाऱ्या माणसाचे नाव आधी ठरवा. तसा माणूस नसेल, तर सर्व्हर भाड्याचाच बरा.